संथकाकांचा उंट

उंट जागेवर नव्हता. मुरगळलेला घोटा, उसनी काठी आणि दहा दिवसांची सक्तीची रजा एवढा ऐवज घेऊन संथकाका बुधवारी सकाळी प्रयोगशाळेत शिरले, कोटही न काढता एका बोटानं संगणकाचा पडदा जागा केला, आणि पाहतात तो आलेखाची रेघ डावीकडच्या उंचीवरून उजवीकडे निमूट उतरत गेलेली. जिथं अकरा वर्षं उंटाची मदार उभी असायची तिथं सपाट उतार. काकांनी चष्मा पुसला. चष्मा पुसून काही होणार नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, पण माणसाला कुठून तरी सुरुवात करावी लागते. मग दहाही दिवसांच्या नोंदी त्यांनी एकेक करून उघडल्या. पहिल्या दिवशी नव्हता, दुसऱ्या दिवशी नव्हता, मधल्या सुट्टीच्या दिवशीही फिरकला नव्हता. सामान हलवलेल्या खोलीत आपलंच खाकरणं मोठं ऐकू यावं तसं काहीतरी त्यांच्या छातीत झालं. वाईट असं काही नाही, नुसतं मोठं.

खोलीच्या मधोमध छताला टांगलेलं ते माणसाच्या उंचीचं पिंप तेवढं होतं तसंच सुस्कारत होतं. त्या पिंपाच्या पोटात अशी थंडी असते की ताऱ्यांमधली काळीकुट्ट पोकळी आत आणून ठेवली तर ती घामाघूम होऊन पंखा मागेल. तळाशी नखाएवढी चिप. चिपवर केसाहून बारीक धातूची वळी, त्या थंडीत वीज त्यांतून कसलाही अडसर न लागता फिरत राहते. या वळ्यांना क्यूबिट म्हणतात, आणि क्यूबिटचं सगळं कौतुक एवढ्याचसाठी की तो ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही एकदम मनात धरून बसू शकतो. जोवर कुणी ढोसत नाही तोवरच. पुस्तकांत त्या अवस्थेला भारदस्त शब्द आहे; या खोलीत सगळे तिला तंद्री म्हणत. तंद्री लागली, तंद्री मोडली, आज तंद्री किती टिकली. पापणी एकदा लवते तेवढ्यात अशा हजारो तंद्र्या लागून मोडत, आणि त्या का मोडतात हे शोधण्यात काकांचं आयुष्य मजेत चाललेलं होतं. धसमुसळा, घाईचा गोंगाट इतरांनी वाटून घेतला होता. त्याला गाळण्या होत्या, जाळ्या होत्या. काकांच्या वाट्याला आला तो संथ गोंगाट: मिनिटातून पंधरा वेळा, तासातून एकदा, कधी दिवसातून एकदा येणारा, धापा न टाकणारा, म्हणूनच कुणाच्या लक्षात न येणारा. बाकीचे त्याला एका युक्तीनं खोडून टाकत. तंद्रीच्या नेमक्या मध्यावर क्यूबिटला उलटा करायचा, म्हणजे पहिल्या अर्ध्यात तो जेवढा भरकटला तेवढाच दुसऱ्या अर्ध्यात परत येतो. काकांना ती युक्ती मुळीच आवडत नसे. दाराशी आलेल्या पाहुण्याला नावगाव न विचारता हाकलून देणं हे काही शास्त्र नव्हे, असं ते म्हणत. ते पाहुण्याला बसवत, पाणी विचारत, आणि वर्षानुवर्षं त्याचं ऐकून घेत. ‘संथकाका’ हे नाव त्यावरून पडलं की त्यांच्या चालण्याबोलण्यावरून, याबद्दल दोन मतं होती.

आणि या ऐकण्यातूनच उंट सापडला होता. दर चार सेकंदांनी एकदा असा जो गोंगाट येतो, तिथं आलेखावर एक उंचवटा. प्रत्येक चिपमध्ये, प्रत्येक वर्षी. त्यावर काकांचे तीन लेख होते. दूरदूरच्या प्रयोगशाळांतली माणसं पत्रातून ‘तुमचा उंट कसा आहे?’ असं घरच्या माणसाची चौकशी करावी तसं विचारत. काकांचं उत्तर ठरलेलं. धातूवर जो गंजासारखा पातळ थर धरतो त्यात सूक्ष्म चुंबकांची एक टोळी चिकटून बसलेली आहे, आणि ती टोळी एकदम कूस बदलते. उत्तर देखणं होतं. देखण्या उत्तराला कुणी फारसं टोकत नाही.

“काका, बघितलंत?” दारात चिपवाली उभी होती, चिप बनवण्याच्या खोलीतले हातमोजे अजून हातात. “तुमचा उंट पळाला!”

“पळून जाईल कुठं?”

“मला काय विचारता, मालक तुम्ही. दहा दिवस कुणी दाणापाणी दिलं नाही, गेला असेल चरायला. पाय कसा आहे? आणि शिडीवर चढायला सांगितलं कुणी होतं?”

“पंख्याला धूळ बसली होती.”

“मग पंखा पुसला गेला का?”

“अर्धा,” काका म्हणाले. “तू रोज माझ्याच पद्धतीनं मोजलंस ना? काही फिरवाफिरव नाही?”

“तुमचीच पद्धत, तुमचीच वेळ. फक्त काचेपलीकडे बसून, शेजारच्या खोलीतून. मला नाही बाई त्या पिंपाशेजारी बसवत, पाठ धरते.” ती हसली, पण हातमोज्याचं एक बोट ती उगाच उलटसुलट करत होती. “चिपा वय झालं की निवतात म्हणे. माझी निवली असेल. मग तसंच लिहा ना रिपोर्टमध्ये. चिप आता शहाणी झाली म्हणून.”

रिपोर्ट. तो काकांच्या खणात होता, सहीपुरता अडलेला. सही राहिली कारण पंखा मध्ये आला. शुक्रवारी मोठ्या बाई, म्हणजे या सगळ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ठरवणार होत्या की चिपवालीची चिप बनवायची कृती पुढं चालवायची की बंद करून बाहेरून चिपा आणायच्या. चौदा महिने तिनं त्या कृतीत घातले होते. तीनशेवर चिपा बिघडवल्या, तेव्हा कुठं ही एक साधली. आणि काकांच्या रिपोर्टनं स्वच्छ शब्दांत म्हटलं होतं की या चिपमध्ये उंट इतरांच्या तिप्पट आहे, अर्थात हिच्या थरात दोष आहे, अर्थात कृती सोडून द्यावी. दोन्ही ‘अर्थात’ काकांना लिहिताना फार सुबक वाटले होते. कृती बंद झाली तर चिपवालीला इथं काम उरणार नव्हतं. तिला ते माहीत होतं, तिला माहीत आहे हे काकांना माहीत होतं, आणि तरीही ती रोज डब्यातली फळं कापून त्यांच्या टेबलावर ठेवून जाई. यावर काय करावं हे त्यांना न कळल्यामुळं ते ती खात.

“मी एकदा स्वतः मोजतो,” ते म्हणाले.

“मोजा की. पण जरा मायेनं मोजा.”

मग काका आपल्या जागी बसले. ही जागा म्हणजे पिंपापासून हातभर अंतरावरची एक फिरती खुर्ची, लोखंडी पायांची, लोखंडी बैठकीची, बैलगाडीइतकी जड. तिची करकर होऊ नये म्हणून काका दर महिन्याला तिला तेल देत. मोजणी चालू असताना यंत्राला एकटं सोडू नये असं त्यांचं मत होतं. त्याला शास्त्राचा आधार काही नव्हता. आजारी माणसाजवळ आपण बसतो, ते काय बसण्यानं बरं होतं म्हणून? पिंप सुस्कारे टाकी, काका वहीत टिपणं काढीत, आणि वेळ आपल्या पायांनी जाई. आज बसताबसता त्यांना किती बरं वाटलं. दहा दिवस घरी, उशीवर पाय, छताकडं तोंड. अर्धा पुसलेला पंखा रोज दिसायचा, पुसलेली दोन पाती चमकायची, उरलेलं एक त्यांच्याकडं रागानं बघायचं. बायको पहिल्या दोन दिवसांत वैतागली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, काय चुकतंय माझं कळत नव्हतं. आत्ता कळलं. तुम्ही हलत नाही आहात.” म्हणजे काय, ते म्हणाले. “म्हणजे तुमचं ते झुलणं. तीस वर्षं जेवताना तुमच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवतेय मी, आणि आता बंद पडलंय तर घड्याळ बंद पडल्यासारखं होतंय.” काकांनी ते नेहमीप्रमाणं ऐकून घेतलं. बायकोचं सगळंच ते ऐकून घेत, आणि तिची तक्रार नेमकी तीच होती की ऐकून घेता, पण तुम्हाला होत काही नाही. सहा वर्षांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायची वेळ संध्याकाळची, म्हणून काका सकाळी प्रयोगशाळेत येत, नेहमीचे दोन तास मोजणी करत, आणि संध्याकाळी तिच्या उशाशी बसून चिपांचे विनोद सांगत. नऊ दिवस. टाके निघाल्यावर ती म्हणाली होती, “तुमचं बरं आहे. दगडाला ताप नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलता आलं असतं. पण आपण तसे नाही हे सांगायला पुरावा लागतो, आणि पुराव्याशिवाय बोलायची काकांना सवय नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धा तास बसा, दहा मिनिटं चाला, नाहीतर घोटा आखडेल. म्हणून आज काका दर अर्ध्या तासानं उठले, काठी टेकत बाहेरच्या लांब बोळातून शेवटच्या खिडकीपर्यंत गेले, खाली मोटारी लावायच्या जागेत एक माणूस आपली मोटार कुठली ते आठवत उभा होता त्याला मनोमन मदत केली, आणि परत आले. दोन तासांनी आलेख उमटला. मदार. नेहमीच्या जागी, नेहमीच्या ऐटीत. काचेपलीकडून चिपवालीनं तो पाहिला, आणि काकांनी तिला पाहताना पाहिलं. ती आत आली नाही. दारातूनच म्हणाली, “आला का परत? बरं झालं. तुम्हाला चुकल्यासारखं झालं असतं.” फळांचा डबा तिनं टेबलावर ठेवला, आज न कापताच, आणि गेली.

काकांनी खणातून रिपोर्ट काढला, पेनाचं टोपण काढलं. आणि सही करायच्या आधी, निव्वळ जुन्या मैत्रीखातर, उंटाला जरा जवळून बघावं म्हणून त्यांनी ती दोन तासांची सरासरी मोडली आणि मिनिटामिनिटाचे तुकडे ओळीनं मांडले. असं ते कधी करत नसत. सरासरी हा त्यांच्या धंद्याचा जीव; एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हजारांची गोळाबेरीज करायची, म्हणजे खरं तेवढं उरतं. तुकडे मांडले तर उंट अर्धा तास होता. मग दहा मिनिटं नव्हता. मग अर्धा तास होता. मग पुन्हा दहा मिनिटं, गायब. काका त्या रिकाम्या दहा मिनिटांकडं बघत राहिले. तिथं एक लांब बोळ होता, शेवटची खिडकी होती, मोटार विसरलेला माणूस होता. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा बरा पाय जमिनीला टेकला होता आणि त्या पायाच्या रेट्यानं ती लोखंडी खुर्ची डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, अगदी वीतभर, तेल दिल्यामुळं आवाज न करता, झुलत होती. एक, दोन, तीन, चार. आणि परत. खुर्ची थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती कुणीतरी मुद्दाम थांबवली होती.

काकांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मणभर लोखंड पिंपाशेजारी हललं की भोवतालचं चुंबकत्व किंचित हलणार, पिंपाला कितीही पोलादी कपडे घाला, किंचित काहीतरी आत झिरपणार, आणि क्यूबिटला ते कळणार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर काकांनी त्याला प्रेमानं, पण तास दीड तास सांगितलं असतं. चुंबकांची टोळी नव्हतीच. टोळी म्हणजे ते स्वतः. तीन लेख, पत्रांतली चौकशी, सगळा उंट त्यांच्या मांडीखाली. आणि चिपवालीच्या चिपमध्ये तो तिप्पट का? तिची वळी मोठी, तिचा कान इतरांहून तिखट. दोष म्हणून जे त्यांनी लिहिलं होतं तो तिचा गुण होता. पोरीच्या चिपला म्हातारा इतरांपेक्षा जास्त ऐकू येत होता, एवढंच. पेन अजून हातात होतं. सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं, हा विचार त्यांच्या मनात आला, थोडा वेळ बसला, आणि त्याचंही त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांना हसू आलं, कारण आपण मनात विचार करतोय आणि खुर्ची पुन्हा झुलायला लागलीय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आतला तो नखाएवढा प्राणी त्यांचा हा लबाड विचारसुद्धा टिपून घेत होता.

तेव्हा त्यांना ते सुचलं. जुन्या नोंदी सगळ्या होत्या. अकरा वर्षं, कामाचा एकेक दिवस, रोज सकाळचे दोन तास. आजवर ते त्यांची सरासरी काढत आले होते, आणि सरासरी काढली की दिवस नाहीसे होतात. काकांनी सरासऱ्या मोडल्या. जेवायची वेळ टळली, ते मोडत राहिले. पहिल्या वर्षी झोका आखूड, घाईचा, तीन सेकंदांचा, नव्या नोकरीतल्या माणसाचा. मुलगी दूरच्या शहरात शिकायला गेली त्या आठवड्यात झोका मध्येच थांबतो, बराच वेळ काही नाही, मग दचकल्यासारखा सुरू होतो. त्यांना आठवलं, तेव्हा ते एकटक पिंपाकडं बघत बसत आणि तिच्या खोलीतला दिवा चुकून चालू राहिला असेल का असं वाटत राही. एका सकाळच्या नोंदीत वीस मिनिटं स्वच्छ सपाट: त्या दिवशी ते झोपले होते, आणि वहीत ‘अत्यंत शांत अवस्था, कारण अज्ञात’ असं त्यांच्याच अक्षरात होतं. सहा वर्षांपूर्वीचे ते नऊ दिवस त्यांनी सगळ्यात शेवटी उघडले. तिथं झोका नव्हताच. तिथं नुसती थरथर होती, दोन झोके, खंड, सहा झोके एकावर एक चढलेले, पुन्हा खंड, दोन तास, रोज, नऊ दिवस. जन्माला आल्यापासून त्या आलेखानं एवढं वेडंवाकडं काही काढलं नव्हतं. काकांनी ते एखाद्या परक्या माणसाचं बघावं तसं पाहिलं. अरे, या माणसाचं फारच वाईट चाललं होतं की. कुणी विचारलं कसं नाही याला? मग त्यांनी गेल्या वर्षाच्या नोंदी लावल्या, मन जरा दुसरीकडं जावं म्हणून. तिथं तो झुलत होता. रुंद, सावकाश, साडेचार सेकंदांचा झोका, दिवसामागून दिवस, काही मागणं नसल्यासारखा. काका बघत राहिले. आपण इतके सुखात होतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी चिपवालीला काचेपलीकडं बसवलं आणि म्हणाले, मोठ्यानं सांगत जा, आत काय दिसतंय.

“काही नाही. सपाट.”

काका झुलले.

“आला. उंट आला.” काका थांबले. “गेला. काका, हे काय आहे?” काका पुन्हा झुलले, जोरानं, मग हळू, मग दोन झोके आणि थांबा, दोन झोके आणि थांबा. मग ती उठून उभी राहिली, काचेला नाक लावून आधी पडद्याकडं, मग खुर्चीकडं, मग काकांच्या पायाकडं पाहिलं, आणि मटकन खाली बसली ती हसण्यासाठी. हसताहसता डोळे पुसत आत आली, आणि आत येईपर्यंत हसणं सरलं होतं.

“काका, चौदा महिने,” ती म्हणाली. “मी रोज घरी जाऊन त्या थराला शिव्या द्यायचे. तीन वेळा भट्टी बदलली. तुमच्या पार्श्वभागापायी?”

“माझ्या आणि खुर्चीच्या. समान वाटा.”

“तुम्हाला हसू येतंय?”

“नाही येत,” काका म्हणाले, आणि ते खरं होतं. “तुझा थर चांगला आहे. मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगला. ते मी आज लिहितो. आणि माझे तीन लेख मागं घेतो म्हणून पत्रंही लिहितो. चूक माझी. ती तुझ्या नावावर मी चढवली.”

टेबलावरचा डबा तिनं ओढला, सुरी काढली आणि फळं कापायला लागली, जरा जास्तच बारीक.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी नवा रिपोर्ट वाचला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: ‘उंचवट्याचे कारण: प्रस्तुत लेखक, खुर्चीसह.’ त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. “हे असंच वर पाठवू?”

“असंच.”

“हसतील हो तुम्हाला. जगभर.”

“हसू देत. अकरा वर्षं मानानं विचारपूस करत होते, आता हसून करतील.”

बाईंनी चिपवालीच्या कृतीला आणखी दोन वर्षं दिली आणि खुर्ची ताबडतोब बाहेर काढायला सांगितली. बोळात, शेवटच्या खिडकीशी, ती आता पाहुण्यांसाठी असते. पिंपाजवळ कुणी बसत नाही. काका काचेपलीकडं लाकडी स्टुलावर बसतात, जे झुलत नाही. आलेखावर आता नुसता तो मूळचा उतार उरला आहे, हळू होत होत डावीकडं चढत गेलेला, कुणाचाच नसलेला, वस्तूंच्या आपल्या आत जो काही संथ गोंगाट असतो तो. त्यालाही काकांनी पाणी विचारलेलं आहे.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी ते घरी आले ते खिशात एक कागद घेऊन. जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, शिडीपासून खुर्चीपर्यंत. ती एकदाच हसली. “मला विचारायचं होतंत की. तीस वर्षं सांगतेय, झुलू नका म्हणून.” मग ताटातला घास तसाच ठेवून तिनं विचारलं, “म्हणजे सगळं उमटतं त्यात? रोजचं?”

“रोजचं. सकाळचे दोन तास.”

“मी हॉस्पिटलात होते तेव्हाचं?”

काकांनी खिशाकडं हात नेला, पण कागद काढला नाही. तिला आलेख वाचता येत नसे, आणि त्या वेड्यावाकड्या रेघेचं भाषांतर करायचं म्हणजे सरासरी काढल्यासारखंच झालं असतं. त्यांनी बोट टेबलावर टेकवलं. दोनदा वाजवलं. थांबले. मग सहा वेळा, भरभर, एकावर एक, थांबले, एकदा, थांबले, आणि मग बोटं थरथरत सुटली, तशीच, जशी त्या नऊ सकाळी आत कुठंतरी उमटली होती. ती ऐकत राहिली. पेल्यातलं पाणी बारीक हलत होतं. काही वेळानं, तीस वर्षांच्या सवयीनं, तिचा हात त्यांच्या गुडघ्याकडं निघाला, वाटेत वळला आणि त्यांच्या बोटांवर येऊन बसला. थांबवण्यासाठी नाही. नुसता ठेवलेला. हाताखाली बोटं हळूहळू सैल झाली, थरथर विरली, आणि मग टेबलाखाली गुडघा सावकाश, रुंद, झुलायला लागला. एक, दोन, तीन, चार. या वेळी तिनं त्याला थांबवलं नाही.